झाकणाचे तीन आठवडे

गोव्याला लोक समुद्रासाठी जातात. मी एका झाकणासाठी गेले आणि पाच दिवसांत समुद्र पाहिलासुद्धा नाही. परत आल्यावर शेजारणीने विचारलं, "कुठला बीच केलात?" मी म्हटलं, "डिचोली." ती बराच वेळ आठवत राहिली. तेव्हा ज्यांनी गोव्याची ही बाजू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं नक्की काय चाललं होतं ते घरच्यांनाही अजून नीट कळलेलं नाही, त्यांनीही वाचावं.

आधी झाकण काय ते सांगायला हवं. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत हवेतले कण कसे जन्मतात याचा अभ्यास करते. धूळ नव्हे. धूळ जमिनीवरून उडते, तिचं जन्माबिन्माचं काही नसतं. मी म्हणते ते कण हवेतच तयार होतात. झाडापानांचा वास, गाड्यांचा धूर, समुद्रावरची वाफ, यातल्या काही वाफा उन्हात एकमेकींना धरतात, गोळा होतात, आणि मघापर्यंत काहीच नव्हतं तिथे कण होतो. पुढे तो वाढला तर त्याच्यावर ढगाचा थेंब बसतो. बाहेरच्या हवेत हे बघणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत एकाच माणसाचं कुजबुजणं ऐकण्यासारखं आहे. म्हणून आम्ही पोलादी पिंप वापरतो. माणूस उभा राहील एवढं, आतून आरशासारखं घासलेलं. त्यात गाळून घेतलेली हवा भरायची, उन्हासारखा दिवा लावायचा, हवी ती वाफ अगदी चिमूटभर सोडायची आणि मोजणीयंत्रापुढे बसून कण मोजायचे.

पण त्याआधी कोरी चाचणी करावी लागते. पिंपात नुसती स्वच्छ हवा आणि वर दिवा, बाकी काही नाही. आकडा शून्य यायला हवा. आला तर पुढे दिसतील ते कण तुमच्या वाफेचे. नाही आला तर पुढचं सगळं मुसळ केरात.

ऑक्टोबरात आमची कोरी चाचणी बिघडली. रिकाम्या पिंपात कण, तेही शेकड्यांनी!

आता गंमत बघा. म्हणजे आता ती गंमत वाटते. त्याच पंधरवड्यात दोन गोष्टी घडल्या होत्या. एक म्हणजे जुन्या मोजणीयंत्राच्या जागी नवं आलं, त्याला जुन्यापेक्षा कितीतरी बारीक कण दिसतात. दुसरी, पिंपाचं गोल झाकण डिचोलीहून दुरुस्त होऊन परत आलं. तेव्हा घाण झाकणाबरोबर आली, की ती पहिल्यापासून पिंपातच होती आणि जुन्या यंत्राला दिसत नव्हती? पहिलं खरं असेल तर माझे चार महिने वाया. दुसरं खरं असेल तर तीन वर्षं वाया, प्रबंध वाया, सगळंच वाया. झाकण एकच, त्याच्या खाचेत बसणारं काळं रबरी कडंही एकच, मापाने करून घेतलेलं. दोन्ही धुतली, पुसली, रबराला सोसेल तेवढी तापवली. आकडा काही हलेना.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "कारण कळल्याशिवाय मी सही करणार नाही." सरांचं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी बेचाळीस वर्षांची, कॉलेजातली चांगली नोकरी सोडून या पिंपामागे लागलेली. विद्यापीठाने मार्चअखेरची मुदत दिलेली आणि ही शेवटची, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं. पिंप करणाऱ्या प्रेमानंदभाऊंना मी सहा वेळा फोन केला. सहाही वेळा एकच उत्तर, "कायच वेगळां नाय केलां मॅडम, सगळां कागदाप्रमाण." माणूस खोटं बोलणारा नव्हे. पण उत्तर फार पटकन यायचं. झाकण बसमधून नेण्यासारखं नव्हतं, म्हणून शेवटी जानेवारीत मी त्यांना दाखवायला रबरी कडं तेवढं डब्यात घातलं आणि निघाले.

डिचोली

सकाळी डिचोलीच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझ्याकडे एक बॅग आणि एक मोठा चपटा स्टीलचा डबा होता. डब्यात कडं तीन वळसे घालून ठेवलेलं, झाकणाभोवती चिकटपट्टी. डबा मांडीवर घेऊन मी हॉटेलात बसले. इथे सकाळी भाजी-पाव खातात, आणि दोन भाज्या एकाच बशीत हव्या असतील तर नुसतं "मिक्स" म्हणायचं. हे मला तिसऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकून कळलं. पावाला उंडो म्हणतात, वरून कडक आणि आतून मऊ. पुण्यातला लादीपाव त्याच्यापुढे लाजेल. गेल्या साथीत माझं नाक गेलं ते अजून पुरतं परत आलेलं नाही, मला वास असा येतच नाही, तरी ती भाजी मी दोनदा मागवली. गल्ल्यावरच्या काकांचं लक्ष डब्याकडे.

"जत्रेचां खाजां काय?"

खाजं म्हणजे गूळ-आलं लावलेल्या कुरकुरीत कांड्या, जत्रेहून परतणारा प्रत्येकजण त्या घेऊन येतो. मी म्हटलं, "नाही हो, रबर आहे." काकांनी मला आणखी काही विचारलं नाही.

प्रेमानंदभाऊंची शेड गावाबाहेर आहे. हा मूळचा दोडामार्गाकडचा माणूस, खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोलीला आला आणि खनिजाच्या ट्रकांच्या मागच्या पेट्या बनवण्यात तरबेज झाला. खाणी बंद पडल्यावर ट्रक जिथल्या तिथे उभे राहिले. शेडसमोर अजून तीन उभे आहेत, त्यांतल्या एकाच्या पेटीत कुणीतरी चक्क अळू लावलं आहे. प्रेमानंदभाऊ आता गेटं, टाक्या, दुकानांची शटरं करतात. आमचं पिंप सरांच्या ओळखीतून त्यांच्याकडे गेलं, आणि त्यांनी ते असं केलं की परदेशातून आलेल्या पाहुण्यांनीही आत डोकावून मान डोलावली होती.

"येवा मॅडम, येवा. पयली च्या घेवया." पन्नाशीचा काटक माणूस, बोटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा. मी चहा नको म्हटलं, कारण मी भांडायला आले होते. त्यांनी तरी चहा आणलाच.

मग त्यांनी मला त्यांची पद्धत दाखवली. आतल्या घासकामाला बसायच्या आधी ते चपला बाहेर काढतात आणि खास ठेवलेले पांढरे मोजे घालतात. घासून झालं की पांढऱ्या फडक्याने पुसतात, फडकं उन्हात धरून बघतात, आणि जरा कुठे करडी रेघ दिसली तर पुन्हा पहिल्यापासून. "सातव्या फडक्याक गेलां तर माका बरां वाटता," ते म्हणाले. त्यांनी घासायचा मलम दाखवला, धुण्याचं पाणी दाखवलं, सगळं आमच्या कागदात लिहिलेलं तेच. मी दोन तास खोट काढायचा प्रयत्न केला. खोट निघाली नाही. इथे काही चुकलं नसेल तर चुकलं ते पहिल्यापासून पिंपातच आहे, म्हणजे तीन वर्षं गेली!

"झाकण दुरुस्त व्हायला किती दिवस लागले?"

"आठ दिस."

"पुण्याला आलं महिन्याने. मधले तीन आठवडे कुठे होतं?"

"चवथ इली मगे." गणेश चतुर्थीला इकडे चवथ म्हणतात. "चवथीक हय कोण काम करता? गाडी खंय, पार्सल खंय. घराकडे न्हेलंय झाकण."

"घरी कुठे ठेवलंत?"

प्रेमानंदभाऊंनी चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायले. "घराकडेच. निर्मळ जाग्यार," म्हणाले, आणि लगेच, "मॅडम, तुमी मये बघूक नाय न्हय? तळां बघून येवा. माका दुपारी एक गेट बसवचां असा."

मये

मला तळं बघायचं नव्हतं. पण दुपारी एकनंतर डिचोलीत करण्यासारखं काही उरत नाही. दुकानं बंद, माणसं आडवी. पुण्यात दुपारी दुकान बंद ठेवण्यावरून आम्हाला सगळे हसतात, त्यांनी एकदा इकडे यावं. म्हणून मी पायलट केला. इकडे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याला पायलट म्हणतात. माझा पायलट साठीचा होता आणि गाडीही जवळजवळ त्याच वयाची असावी.

तळ्याजवळच्या उतारावर एक म्हैस अंगावर आल्यासारखी आली. पायलटने ब्रेक दाबला, आणि डबा माझ्या हातातून सुटून गडगडत थेट तळ्याच्या काठच्या पाणवनस्पतीत! मी जी किंचाळले त्याने म्हैससुद्धा थांबली. पायलट विजार गुडघ्यापर्यंत सारून पाण्यात उतरला, डबा काढला, आपल्या सदऱ्याने पुसला आणि म्हणाला, "खाजें भिजलें जाल्यार सांगा हां." मी पट्टी तपासली, घट्ट होती. डबा मांडीवर घेऊन तिथेच काठावर बसले. बसले तेव्हा कुठे तळं दिसलं. तीन बाजूंनी डोंगर, पाणी अगदी स्थिर, आणि दुपारच्या उन्हात डोंगरांवर एक फिकट निळी झाक.

ती झाक म्हणजे माझाच विषय. झाडांचा वास उन्हात तापतो, त्याचे कण होतात आणि ते एवढे बारीक असतात की त्यांच्यातून डोंगर निळा दिसतो. हे मी पायलटला सांगितलं, विचारलं नसतानाही. त्याने डोंगराकडे बघितलं.

"पयलीं तांबडो दिसतालो," तो म्हणाला. "खाणी आसताना. फुडल्या गाडीचो दिवो दिसनासलो इतली धूळ. आतां हांव रोज हांगा येतां, पूण निळो केन्ना जालो तें कळूंकच ना."

मी त्याला म्हटलं की माझंही तसंच झालंय, कधीपासून ते कळत नाहीये. त्याला ते कळलं नसणार, पण तो "व्हय, व्हय" म्हणाला. खरं सांगते, मला तिथे बसून भीती वाटत होती. तीन वर्षांत मी घरच्यांना किती वेळा "आता झालंच" म्हणून सांगितलं होतं. प्रबंध बुडाला हे सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. आणि मग राग आला, कारण भाऊंचा तो रिकामा कप डोळ्यांपुढून जाईना.

संध्याकाळी शेडवर जाऊन सांगितलं, "उद्या मी तुमच्या घरी येणार. झाकण कुठे ठेवलं होतं ती जागा बघायची आहे."

"घर लहान मॅडम. पेडण्यात असा, लांब."

"तुम्ही नाही नेलंत तर मी विचारत विचारत जाईन."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "बायलेक फोन करून सांगतंय. जेवन करून ठेवीत."

पेडणे

पेडणे तालुक्यातलं त्यांचं घर बायकोच्या माहेरच्या गावात आहे. म्हापशाला बस बदलून, नवीन मोठ्या रस्त्याने थोडं जाऊन, मग काजूच्या बागांमधून पायी. गाव नीटनेटकं, प्रत्येक अंगणात तुळस, आणि माणसं रस्त्यावरून जाणाऱ्याला "खंयसर?" म्हणजे कुठे निघालात, असं विचारल्याशिवाय सोडत नाहीत. माझ्या डब्याची चौकशी चौघांनी केली. प्रेमानंदभाऊ परस्पर सांगत होते, "खाजां न्हय, मशिनाचां असा." त्यांचं चालणं मात्र घराजवळ येईल तसं हळू होत गेलं.

उज्ज्वलावैनी, भाऊंच्या पत्नी, दारातच उभ्या होत्या. गोल चेहरा, केसात अबोलीचा वळेसर, आणि हात सारखे पदराला पुसणं चाललेलं. "ये गो बाय, ये. पाय धू आनी पेज घे." अकरा वाजले होते. इकडे या वेळी उकड्या तांदळाची पेज पितात, सोबत खारातल्या कैरीची फोड. आमच्याकडे पेज आजाऱ्याला देतात आणि तोही तोंड वाकडं करतो. इथे मी तीन वाट्या घेतल्या. वैनी प्रत्येक वेळी "आनीक एक कुलेर" म्हणत पळीभर वाढत होत्या. कुलेर म्हणजे चमचा, पण वैनींच्या हातातली पळी पाहता तो शब्दच अपुरा होता.

पेज झाली. आता विषय काढायचा तर मला सुचेना. एवढ्या मायेने खाऊ घालणाऱ्या बाईला "तुम्ही माझं झाकण कुठे ठेवलंत?" असं कसं विचारणार? मी डबा पुढे ओढला आणि पट्टी सोडवली. म्हटलं, "वैनी, झाकणाबरोबर हे कडं तुमच्याकडे होतं. माझं सगळं काम याच्यावर अडलंय. प्रबंध पुरा होतो की नाही ते याच्यावर आहे." तीन वर्षं की चार महिने, तो सगळा हिशोब मी त्यांना सरळ मराठीत सांगितला. प्रेमानंदभाऊ जनेलीतून बाहेर बघत होते, म्हणजे खिडकीतून. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

वैनी वाकल्या. मी "हात लावू नका" म्हणेपर्यंत त्यांनी नाकच डब्यात घातलं. आणि तशाच राहिल्या.

"ह्येका तर माटोळीचो वास येता," त्या म्हणाल्या.

"कसला?"

"माटोळीचो गो. तोरिंगाचो. आनी मागसून कापराचो."

मी प्रेमानंदभाऊंकडे पाहिलं. ते जनेल सोडून खाली बसले आणि दोन्ही हात डोक्याला लावले. "सांग," बायकोला म्हणाले, "आता तूच सांग."

माटोळी म्हणजे काय ते पुण्याच्या वाचकांना सांगायला हवं. आपण गणपतीला मखर करतो, थर्मोकोल बंद झालं तरी पुठ्ठ्याचं करतोच. इकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, पानं, भाज्या गच्च बांधतात. सुपारीचे घोस, नारळाचे घड, रानकाकड्या, आणि तोरिंगं, म्हणजे लिंबाच्या जातीची जाड सालीची मोठी फळं. घरातले पुरुष दोन दिवस आधी रानात जाऊन हे सगळं जमवून आणतात. ज्याची माटोळी भरगच्च, त्याच्या घरी लोक गणपती बघायला येतात ते आधी वर बघतात.

वैनींनी आत जाऊन एक फोटो आणला. काचेच्या चौकटीतला. मध्ये गणपती, वर गच्च माटोळी, पुढे समया, उदबत्त्या, कापराची आरती. आणि गणपतीच्या मागे, बरोबर डोक्यामागे, प्रभावळीसारखं लखलखणारं माझं झाकण! भोवती रबराची काळी किनार. समयांच्या ज्योती त्याच्यात उमटलेल्या. इतकी देखणी प्रभावळ मी आजवर पाहिलेली नाही.

मी आधी ओरडले. ते लपवत नाही. "अहो, तीन आठवडे? कापराखाली? तोरिंगांखाली? मी सहा वेळा फोन केला, सहा वेळा! एकदा सांगायला काय झालं होतं? चार महिने मी वेड्यासारखी..." वैनींच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेमानंदभाऊ उठले, कपाटातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. माझाच कागद होता तो, झाकणाबरोबर मीच पाठवलेला, माझ्या सहीचा.

"वाचा मॅडम."

मी वाचलं. झाकण जागेवरच्या सर्वांत स्वच्छ ठिकाणी ठेवावे. तेथे चपला घालून कोणी जाऊ नये. उघड्या हाताने स्पर्श करू नये. जवळपास स्वयंपाक करू नये.

"शेडीत चवथीक कोण नाय, उंदीर फिरतत," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणान घराकडे हाडलंय. घरात चवथीच्या दिसांनी माटोळीखालच्या जाग्यापेक्षा निर्मळ जागो खंयचो, तुमीच सांगा. थंय न्हाल्याशिवाय कोण जायना. चपला नाय, रांदप नाय. हात तर कोणीच लावक नाय, आमी लांबसूनच पाया पडलो. मगे मूर्तीच्या पाठी ठेवल्यार असां चकचकलां... ही म्हणाली, रवांदे. सगळो गाव बघून गेलो. विसर्जन झाल्यार फुडली गाडी मिळासर थंयच होतां."

"मग सांगितलं का नाहीत?"

"गिऱ्हाइकाची वस्तू आपल्या मखराक लावली, असां कसां सांगू?" त्यांनी मान खाली घातली. "खाणी बंद झाल्यार लोक म्हणत होते, ह्येच्या हातात आता काय रवलां नाय. तां पिंप माझ्या आयुष्यातलां सगळ्यात बरां काम, मॅडम. तुमी परत काम देवचां नाय, असां वाटलां."

मी पुन्हा एकदा तो कागद वाचला. चार अटी. चारही पाळलेल्या, माझ्या प्रयोगशाळेत पाळल्या जात नाहीत इतक्या काटेकोर पाळलेल्या. आणि मग मला जे हसू फुटलं ते आवरेना. वैनी आधी घाबरल्या, मग त्याही डोळे पुसत हसायला लागल्या. प्रेमानंदभाऊ तेवढे आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिले.

हसू थांबल्यावर मी सगळं त्यांना समजावून सांगितलं. तोरिंगाच्या सालीत तेल असतं, त्याचा वास हवेत जातो. रबर असे वास पिऊन बसतं आणि महिनोन्‌महिने सोडत राहतं. आमचा दिवा लागला की आतल्या हवेत थोडा ओझोन होतो, आणि लिंबाच्या जातीचा वास ओझोनला भेटला की कणच कण. जगातले निम्मे संशोधक मुद्दाम तोच वास पिंपात सोडतात. आम्ही यंत्र सांगेल तेवढं खरं मानतो, वस्तू हुंगून बघायची आमच्यात पद्धत नाही. माझं तर नाकच गेलेलं, आणि लॅबमध्ये कड्याला हात लावायचा तो हातमोजे आणि मास्क घालूनच. हे जर खरं असेल तर घाण चवथीपासूनची, त्याच्या आधीची नाही. पिंप स्वच्छ आहे. तीन वर्षं शाबूत आहेत.

"म्हणजे ह्यांचां काम बरां असा?" वैनींनी विचारलं.

"सोन्यासारखं," मी म्हटलं. प्रेमानंदभाऊ उठून विहिरीवर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

जेवायला सुंगटाचं हुमण म्हणजे कोलंबीची आमटी, तांबडी भाजी, सोलकढी आणि भाताचा डोंगर. जेवताना माझं एक मन मात्र पुण्यात होतं. नोव्हेंबरात, कोऱ्या चाचणीचा आकडा वजा करता येईल या आशेवर, पिंपात मी पाइनचा वास सोडला होता आणि कणांची अशी काही उसळी आली होती की सर खुर्चीतून उठले होते. त्या आलेखावर मी पाचवं प्रकरण बांधलं होतं. तो माझा सगळ्यात लाडका आलेख. आता त्यातलं पाइनचं किती आणि तोरिंगाचं किती, हे कोण सांगणार? म्हणजे पाचवं प्रकरण फाडायचं. वाईट वाटलं. पण चार प्रकरणं वाचली होती, आणि वैनींनी पुन्हा हुमण वाढलं.

दुसऱ्या दिवशी डिचोलीला परतून प्रेमानंदभाऊंनी नव्या रबराचं कडं केलं. मोजे घालून, सात फडक्यांनी. या वेळी ते कुठे ठेवायचं ते मी लिहून दिलं नाही, सरळ हातात घेऊन बसले आणि बस येईपर्यंत सोडलं नाही.

पुणे

परतल्यावर झाकण पुन्हा धुतलं, तापवलं, नवं कडं खाचेत बसवलं. दोन दिवस पिंपातून नुसती स्वच्छ हवा सोडत ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावला. सर येऊन मागे उभे राहिले. नवं यंत्र, नवा डोळा, ज्याला सगळ्यात बारीक कणही दिसतो. पहिली पाच मिनिटं शून्य. मी श्वास घेतला नाही. दहा मिनिटं, शून्य. अर्धा तास, शून्य. तासाने सरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "चार प्रकरणांचा प्रबंध आखूड असतो, पण सही होते." माझा जीव भांड्यात पडला. मी बाहेर जिन्यात जाऊन पेडण्याला फोन लावला.

"वैनी, झालं! शून्य आलं!"

"म्हणजे कितां?"

"म्हणजे पिंपात काही नाही. अगदी काहीच नाही."

"इतकी वर्सां तू त्या पिंपाक घेवन बसलंस," वैनी म्हणाल्या, "आनी आता त्यात कायच नाय म्हणान माका हसत फोन करतंस?"

"हो वैनी."

"बरां तर बाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज भरून आला, "मी ह्यांका सांगतंय. कायच नाय म्हणान सांगतंय."